चाळीतला कांदा आणि वहीतला आलेख

गेल्या अंकात मागणीच्या नियमावर थोडं लिहिलं आणि पत्रं सुरू झाली. बरीचशी अकरावी-बारावीच्या मुलांची, काही पालकांची. त्यातली चार इथे घेतली आहेत. मी एकतीस वर्षं निफाड तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलं. माझं सासरही तिथलंच, कांद्याच्या घरातलं. तेव्हा माझी उदाहरणं त्याच मातीतली असणार. शेवटचं पत्र मोठं आहे आणि त्याचं उत्तरही मी मुद्दाम मोठं दिलं आहे.

प्रश्न : मॅडम, सहामाही परीक्षेत विधान होतं, ‘किंमत वाढली की मागणी कमी होते.’ सहमत आहात की नाही, ते सकारण लिहायचं होतं. मी असहमत लिहिलं. दसऱ्याला झेंडू महाग होतो तरी आमच्याकडे रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त विकला जातो, असं कारण दिलं. चारपैकी शून्य मिळाले. माझं काय चुकलं? (बारावी कला, संगमनेर)

उत्तर : तू पाहिलंस ते खरं आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला. तरी मी पेपर तपासला असता तर शून्य दिलं नसतं, कारण तू डोळे उघडे ठेवून लिहिलं आहेस.

आता दसऱ्याच्या दिवशी काय होतं ते नीट बघू. आदल्या आठवड्यात झेंडू चाळीस रुपये किलो असताना तुमच्या घरात पाव किलोही आला नसेल. दसऱ्याला दाराला तोरण, गाडीला हार, अवजारांची पूजा, देव्हारा असं सगळं असतं. म्हणजे भाव कोणताही असो, त्या दिवशी लोकांना झेंडू जास्त हवा असतो. सगळ्यांना एकदम हवा झाला म्हणून भाव चढला. भाव चढला म्हणून लोकांनी जास्त घेतला, असं कुणाच्याही घरी झालेलं नाही. तू कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केलीस.

नियमाच्या सुरुवातीला एक वाक्यखंड असतो, तो मुलं घाईघाईत वाचून पुढे जातात : ‘इतर परिस्थिती कायम असताना’. माझ्या मते अख्ख्या पुस्तकात यापेक्षा महत्त्वाचे शब्द नाहीत. सण आला, की इतर परिस्थिती कायम राहिली नाही. मग नियम मोडला असं म्हणताच येत नाही, कारण तो ज्या अटीवर उभा आहे ती अटच तिथे नाही.

नियम पाहायचाच असेल तर दसऱ्याच्याच दिवशी बाजारात जा. सण सगळ्यांना सारखाच, म्हणजे ती गोष्ट कायम झाली. मागच्या दसऱ्याला मी सकाळी सातला पिशवी घेऊन निघाले ते दोन किलो घ्यायचं ठरवून. पहिल्या ढिगाशी भाव ऐकला, एकशे चाळीस. मी एक किलो घेतला आणि तोरणात मधे मधे आंब्याची पानं जास्त ओवली. माझ्या शेजारच्या बाईंनी अर्धाच किलो घेतला. भाव ऐंशी असता तर आम्ही दोघींनी दोन-दोन किलो घेतला असता. सण तोच, घर तेच, पैसे तेवढेच. फक्त किंमत वेगळी, म्हणून नग वेगळा. हा झाला मागणीचा नियम.

परीक्षेच्या भाषेत सांगायचं तर माझं दोन किलोवरून एक किलोवर येणं हा मागणीचा संकोच. किंमत बदलली की आपण त्याच वक्रावर, म्हणजे किंमत आणि मागणी दाखवणाऱ्या आलेखातल्या त्याच रेषेवर, वर-खाली सरकतो, त्याला विस्तार आणि संकोच म्हणायचं. सणामुळे सगळ्या गावाची मागणी वाढली, ती मागणीतील वृद्धी. तिथे वक्र अख्खाच उजवीकडे सरकतो. उलट झालं की ऱ्हास. या दोन जोड्यांत दर वर्षी वर्गातली निम्मी मुलं अडखळायची. एकच प्रश्न विचारायचा : बदल किमतीमुळे झाला की दुसऱ्या कशामुळे? किमतीमुळे असेल तर जुन्याच वक्रावर राहा. दुसऱ्या कशामुळे असेल तर नवा वक्र काढ.

आणि एक. सण हा नियमाचा अपवाद म्हणून लिहू नकोस. अपवाद म्हणजे गिफेन वस्तू (गरिबाच्या रोजच्या खाण्यातलं हलक्या प्रतीचं धान्य वगैरे) आणि प्रतिष्ठेच्या वस्तू. त्यांत किंमत हेच कारण असूनही मागणी उलटी वागते. झेंडू त्यात बसत नाही.

प्रश्न : मी गणित आणि अर्थशास्त्र दोन्ही घेतलं आहे. गणितात आपण जे स्वतंत्र चल असतं ते क्ष-अक्षावर घेतो. मागणी किमतीवर अवलंबून असते, तर किंमत क्ष-अक्षावर यायला हवी. अर्थशास्त्रात ती य-अक्षावर का? वर्गात विचारलं तर ‘तशीच पद्धत आहे’ एवढंच उत्तर मिळालं. (अकरावी वाणिज्य, सांगली)

उत्तर : तुझी शंका रास्त आहे. ही पद्धत आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाची. त्यांचा मुख्य ग्रंथ १८९० साली आला, त्यातल्या आकृत्या पुढे सगळीकडे गिरवल्या गेल्या. मार्शल उलट बाजूने विचार करत होते : बाजारात एवढा माल आला आहे, तर तो खपायला गिऱ्हाईक कोणती किंमत द्यायला तयार होईल? त्यांच्या विचारात नग आधी, किंमत नंतर. त्याच काळातले फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ वालरास यांनी किमतीपासून सुरुवात केली होती. आज आपण नियम वालरास यांच्या बाजूने सांगतो आणि आकृती मार्शल यांच्या पद्धतीने काढतो, म्हणून तुला विसंगती दिसते.

मला मार्शल यांची बाजू बाजार समितीत समजली. सकाळी आवारात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. किती माल आला ते व्यापारी आधी डोळ्यांनी मोजतात, मग लिलावात भाव पुकारतात. आधी आडव्या अक्षावर बघायचं आणि मग वर चढायचं. परीक्षेत मात्र किंमत य-अक्षावरच काढ आणि अक्षांना नावं द्यायला विसरू नकोस. त्यासाठी गुण जातात ते फार जिवाला लागतं.

प्रश्न : मुलीला दहावीला ८४ टक्के आहेत. ती कला शाखेत अर्थशास्त्र घ्यायचं म्हणते. नातेवाईक म्हणतात, आर्ट्सला जाऊन काय करणार? आम्ही शेतकरी आहोत, फार माहिती नाही. काय करावं? (एक वडील, राहाता)

उत्तर : जाऊ द्या तिला. फक्त एक गोष्ट बघा. ज्या महाविद्यालयात कला शाखेतही गणित घेता येतं, तिथे प्रवेश मिळतो का याची चौकशी करा. पुढे बी. ए., एम. ए. करताना अर्थशास्त्रात गणित आणि संख्याशास्त्र भरपूर येतं. अकरावीत गणित सुटलेली हुशार मुलं पुढे तिथेच अडलेली मी पाहिली आहेत. अकरावीत विभाजन मूल्यं आणि बारावीत निर्देशांक येतात, ती आकडेमोड सोपी आहे. तेवढ्यावर गणिताची भूक भागत नाही.

वाटा आहेत. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासून आहे. केंद्र सरकारची भारतीय आर्थिक सेवा आहे, तिची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो आणि त्यासाठी अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. बँका, रिझर्व्ह बँक, अध्यापन, स्पर्धा परीक्षा हे तर आहेच.

आणि नातेवाइकांना तुमच्या शेजारचं लोणी गाव दाखवा. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा त्यांच्याबरोबर धनंजयराव गाडगीळ होते. ते गोखले संस्थेचे संचालक, पेशाने अर्थशास्त्रज्ञ, आणि या कारखान्याचे अध्यक्षही. अर्थशास्त्र शिकलेला माणूस शेतकऱ्याच्या काय कामाचा, याचं उत्तर तुमच्याच तालुक्यात आहे.

प्रश्न : मॅडम, आम्ही एक एकर उन्हाळ कांदा करतो. मागच्या वर्षी ८० क्विंटल निघाला, क्विंटलला सरासरी १,८०० रुपये भाव मिळाला. यंदा पीक जोरात आलं, ११० क्विंटल, पण भाव १,१००. हिशेब केला तर यंदा पैसे कमी आले. वडील म्हणतात, जास्त पिकवलं हीच चूक झाली. हे पुस्तकात कोणत्या प्रकरणात आहे? आणि कांदा चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) ठेवायचा की विकायचा, याचं उत्तर अर्थशास्त्र देतं का? (बारावी कला, येवला)

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं. हाच प्रश्न माझ्या सासऱ्यांनी मला विचारला होता. तेव्हा मी एम. ए. होऊन नुकती नोकरीला लागले होते आणि मला उत्तर देता आलं नव्हतं.

आधी तुझा हिशेब मांडू. मागच्या वर्षी ८० गुणिले १,८०० म्हणजे १,४४,००० रुपये. यंदा ११० गुणिले १,१०० म्हणजे १,२१,०००. तीस क्विंटल जास्त पिकवून २३,००० रुपये कमी. हे एका प्रकरणात सापडणार नाही. तीन प्रकरणं शेजारी ठेवावी लागतात.

पहिलं, मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती हलते ते. शहरातल्या एका घराचा विचार कर. कांदा चाळीस रुपये किलो असताना ते महिन्याला पाच किलो घेतात. भाव वीसवर आला तर दहा किलो घेतील का? भाजीला लागतो तेवढाच लागतो. फार तर कांदाभजी एकदा जास्त होतील. समज, साडेपाच किलो घेतला. किंमत ५० टक्के उतरली, मागणी १० टक्के वाढली. दहाला पन्नासने भागलं की ०.२. एकापेक्षा कमी, म्हणजे कमी लवचीक मागणी. आता एकूण खर्च पद्धतीने बघ. आधी त्या घराचा खर्च २०० रुपये होता, आता ११० झाला. त्या घराचे ९० रुपये वाचले. ते शेतापासून दुकानापर्यंतच्या साखळीतून कमी झाले, आणि साखळीच्या टोकाला तुम्ही आहात. कांद्याला पर्याय नाही, तो रोज लागतो, आणि घरखर्चात त्याचा वाटा लहान. लवचिकता कमी असण्याची ही तिन्ही कारणं पुस्तकात दिलेली आहेत. फक्त तिथे उदाहरण म्हणून मीठ येतं, म्हणून आपल्याला आपला कांदा त्यात दिसत नाही.

दुसरं, बाजाराचे प्रकार. इथे तुझ्या वडिलांना माझा निरोप सांग : त्यांची चूक झालेली नाही. यंदाच्या भावात त्यांनी ८० क्विंटलच पिकवला असता तर ८८,००० आले असते. वाढीव तीस क्विंटलने घरात ३३,००० आणले. त्यांच्या तीस क्विंटलने भाव पडला नाही. एका शेतकऱ्याचा माल सगळ्या बाजारापुढे एवढासा असतो, की त्याने कमी आणला काय किंवा जास्त आणला काय, लिलावातला भाव हलत नाही. पूर्ण स्पर्धेत विक्रेता किंमत ठरवत नाही, आहे ती स्वीकारतो, असं आपण शिकतो, ते हेच. भाव पडला तो यंदा सगळ्यांचंच पीक जोरात आलं म्हणून. एकट्यासाठी जास्त पिकवणं फायद्याचं, आणि सगळ्यांनी जास्त पिकवलं की सगळ्यांचं उत्पन्न घटतं. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. एकेकट्याचा विचार करणारं सूक्ष्म आणि सगळ्यांचा एकत्र विचार करणारं स्थूल अर्थशास्त्र वेगळं का शिकवतात, ते पहिल्या प्रकरणात कळत नाही. ते कांद्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीवर, कळतं.

तिसरं, साठा आणि पुरवठा. आणि इथे मला अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, गोष्ट सांगायची आहे.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी वर्गात पुरवठ्याचा नियम शिकवून घरी आले. किंमत वाढली की पुरवठा वाढतो. घरी अण्णा चाळीच्या दाराशी बाजेवर बसलेले. आठवड्यात भाव दोनदा चढला होता. मी म्हटलं, ‘अण्णा, भाव वाढलाय, उद्या ट्रॅक्टर भरायचा ना?’ ते म्हणाले, ‘भाव वाढतोय म्हणूनच नाही भरायचा.’ मी गप्प झाले. दुपारी पन्नास मुलांना शिकवलेला नियम संध्याकाळी माझ्याच अंगणात खोटा ठरत होता.

कितीतरी दिवस ते डोक्यात होतं. मग लक्षात आलं. चाळीत होता तो साठा. पुरवठा म्हणजे त्यातला जो भाग अण्णा विशिष्ट भावाला, विशिष्ट वेळी बाजारात न्यायला तयार होते तो. मेथीच्या जुडीत किंवा दुधात साठा आणि पुरवठा जवळपास एकच, कारण आज नाही विकलं तर उद्या फेकायचं. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चाळीत काही महिने टिकतो, म्हणून इथे दोन्ही वेगळे. आणि पुरवठा आजच्या भावाइतकाच उद्याच्या अपेक्षित भावावरही अवलंबून असतो. उद्या आणखी मिळेल असं वाटलं की आजचा पुरवठा आटतो. इतर परिस्थिती कायम नव्हती. बदलली होती ती अण्णांची अपेक्षा.

आता ठेवायचा की विकायचा. अण्णा एका लांबट वहीत सगळं लिहून ठेवायचे, ती वही अजून माझ्याकडे आहे. एका वर्षीची नोंद अशी : वैशाखात चाळीत भरला १०० क्विंटल, भाद्रपदात निघाला ७२. बाकीचा वजनात घटला, कोंब फुटले, सडला, निवडताना खाद, म्हणजे खराब माल, म्हणून गेला. हा आकडा घेऊन हिशेब कर. भरताना भाव १,२०० असेल तर त्या दिवशी विकून १,२०,००० आले असते. तेवढेच पैसे ७२ क्विंटलमधून यायचे तर भाव जवळपास १,६६७ हवा. म्हणजे भाव दीड हजार झाला तरी ठेवणारा तोट्यात आहे, आणि गावात सगळे म्हणणार की त्याला तीनशे रुपये जास्त मिळाले. निवडायची मजुरी आणि अडकलेल्या पैशांचं व्याज धरलं तर हा आकडा आणखी वर जातो.

अर्थशास्त्र तुला उद्याचा भाव सांगणार नाही. कोणत्या भावाच्या खाली ठेवणं परवडत नाही, ते मात्र सांगेल.

शिवाय थांबायची ऐपत सगळ्यांकडे सारखी नसते. अण्णा दर वर्षी एक तृतीयांश कांदा निघाल्या निघाल्या विकायचे, कारण खताच्या दुकानाची उधारी आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर असायचं. ज्याच्याकडे चाळ नाही किंवा ज्याला लगेच पैसे हवेत, त्याचा साठा आणि पुरवठा मेथीच्या जुडीसारखा एकच होऊन जातो. भाव कितीही असो, तो विकतो. पुरवठ्याचा वक्र काढताना हा माणूस मला कायम आठवतो.

एक गोष्ट राहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद झाली, ती बंदी मे २०२४ मध्ये उठली. शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. निर्यातबंदीच्या दिवशी आपल्या बाजारात काय झालं? परदेशातलं गिऱ्हाईक एका रात्रीत वजा झालं. इथल्या भावाचा त्याच्याशी संबंध नव्हता, तेव्हा हा संकोच नाही, मागणीतील ऱ्हास आहे. वक्र डावीकडे सरकला, भाव कोसळला, लिलाव बंद पडले. शहरातल्या गिऱ्हाइकासाठी केलेल्या उपायाचा भार कांदा पिकवणाऱ्यावर पडला, हे मला तेव्हाही सहन झालं नाही आणि आजही होत नाही. पण परीक्षेत लिहिताना आधी आकृती काढ, मत नंतर लिही. आकृती बरोबर असेल तर मताला वजन येतं.

बारावीला अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण असतात. त्यातला प्रकल्प याच विषयावर कर. शंभर पानी वही घे आणि रकाने आख : तारीख, बाजार समितीतला सरासरी भाव, चाळीतला अंदाजे साठा, आज किती विकला, का विकला किंवा का ठेवला, आणि निवडताना किती खाद निघाली. ‘का’ चा रकाना रुंद ठेव आणि त्यात वडिलांचे शब्द जसेच्या तसे लिही, पुस्तकी करू नकोस. गोल्टीचा, म्हणजे बारीक कांद्याचा, भाव वेगळा लिही, नाहीतर सरासरी फसवते. बाजार समितीची जुनी हिशेबपट्टी घरात कुठेतरी खोचून ठेवलेली असेल, ती शोध. हमाली, तोलाई किती गेली तेही त्यावरून कळेल. पाच-सहा आठवड्यांच्या नोंदी झाल्या की भाव य-अक्षावर आणि विकलेला कांदा क्ष-अक्षावर घेऊन ठिपके मांड. ते एका रेषेत येणार नाहीत. जो ठिपका रेषेपासून सगळ्यात लांब पडेल, त्या दिवशीचा ‘का’ वाच, आणि तो मला लिहून पाठव.